अकरा यार्ड

सोमवारी सकाळी, बेकरीच्या पायरीवर, माझ्या काखेतला पाव पडला. राईचा, अख्खा, अजून ऊब असलेला. लोकांच्या हातून पाव पडतात आणि त्याची कोणी गोष्ट करत नाही, हे मला मान्य आहे. पण थेरॉन गॅडसनच्या हातून त्र्याहत्तर सालापासून काहीच पडलेलं नव्हतं. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून निघालेली सहा ओली, किंचाळणारी बाळं मी सांभाळली आहेत. एकदा गोठलेल्या सरोवरावरून एक जिवंत मासा काखेत धरून मी मैलभर चाललो, आणि अर्ध्या वाटेतच त्या माशाने सुटायचा नाद सोडून दिला. वस्तू हाती आली की ती आपोआप छातीकडे सरकते, बोटं तिच्या टोकावर पसरतात, मनगट आत वळतं, कोपर बरगडीला चिकटतं. मग ते वर्तमानपत्र असो की दुधाची बाटली. बायको होती तेव्हा म्हणायची, "चर्चमध्ये तरी बायबल असं धरू नकोस रे, कोणी हिसकावून नेणार नाहीये." आणि आता मागून कोणीतरी मूठ घातली होती, खालून वर, नेमकी कोपर आणि बरगडी यांच्यामधल्या फटीत. पाव बर्फात पडला याचं नवल नव्हतं. तिथे फट होती, याचं होतं.

"पडला! काका, पडला!" मागे केशॉन प्रूइट उभा होता, आमच्या फुटबॉल संघाचा, हॅमर्सचा, यंदाचा नवखा, डोक्यावर लोकरीची टोपी, तोंडातून वाफ, आणि चेहऱ्यावर शाळा सुटल्यासारखं हसू. "ऑक्टोबरचं उट्टं निघालं."

ऑक्टोबरात एकाच सामन्यात या पोराच्या हातून पळता पळता दोनदा चेंडू निसटला होता. आमच्या हॅमर्समध्ये जुनी रीत आहे, ज्याच्या हातून चेंडू निसटला त्याने आठवडाभर तो काखेत घेऊन फिरायचं, जेवताना, फोनवर बोलताना, दाढी करताना. आणि ज्याला वाटेल त्याने तो मारून पाडायचा. संघापुरती असलेली ही रीत गावाने कधी उचलली ते कोणालाच आठवत नाही. प्रूइटचा चेंडू बँकेच्या रांगेत एका आजीबाईंनी पाडला, मंगळवारी एका पाद्रीबाबांनी पाडला आणि वर आशीर्वाद दिला. औषधाच्या दुकानात मी तीनदा पाडला. चौथ्यांदा पाडला नाही. शांपूच्या कपाटामागे नेऊन त्याला म्हटलं, "पोरा, चेंडू हाताने धरतात हे कोणी सांगितलं तुला? हाताने चमचा धरतात. चेंडू पाच ठिकाणी धरायचा. बोटं, तळवा, मनगट, दंड, छाती. यातली चार तुझी. पाचवी, छाती, ती ज्यांनी तुला इथवर आणलं त्यांची." हे शेवटचं वाक्य मी तिथल्या तिथे बनवलं होतं. पण त्यानंतरच्या अकरा सामन्यांत त्याच्या हातून एकदाही चेंडू निसटला नाही, तेव्हा ते खरंच असावं.

त्याने पाव उचलला, पिशवीवरचा बर्फ झटकला, माझ्या काखेत परत ठेवला आणि माझं कोपर स्वतःच्या हाताने दाबून बसवलं. मग टोपी थोडी मागे सारून म्हणाला, "अभिनंदन, काका. तुमचा विक्रम राहिला. आठ यार्ड कमी पडले मला." ते त्याने इतकं सरळ म्हटलं की त्यात कुठे हात घालायला फटच नव्हती. मी काहीतरी म्हणालो. बहुतेक म्हणालो की माझ्या काळात यार्डच मोठे असायचे. तो हसला, आणि बर्फावरून असा निघून गेला की पावलांचा आवाज आला नाही.

घरी आलो, पाव ओट्यावर ठेवला, कोट काढलाच नाही. अभिनंदन. एक्कावन्न वर्षं हा शब्द मी टोपीसारखा घालून फिरतो आहे. पहिल्याच वर्षात, चेंडू घेऊन पळत, अकराशे सात यार्ड. क्लबच्या इतिहासात कोणाही नवख्याने कापलेलं सर्वांत जास्त अंतर. स्टेडियमच्या बोळात भिंतीवर पितळी पट्टीवर माझं नाव आहे, आणि मी तिथून जाताना कधीही वर बघत नाही, म्हणजे बघणाऱ्यांना मी वर बघत नाही हे दिसतं. पट्टीच्या वर हॅमर्सचा घण कोरला आहे, त्याचा दांडा मात्र एखाद्या चमच्यासारखा दिसतो. आज पहिल्यांदाच कोणीतरी खालून वर मूठ घातली होती.

रनिंग बॅक म्हणजे काय, हे आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. ज्याच्या पोटात चाल सुरू करणारा क्वार्टरबॅक चेंडू खुपसतो आणि ज्याच्यावर मग अकरा धिप्पाड माणसं पडतात, तो. बाकी सगळ्या जागी माणूस वयाने पिकतो. ही एकच जागा अशी की तिथे पहिल्या वर्षाचा पोरगा सर्वांत मौल्यवान, कारण त्याचे पाय अजून खर्च झालेले नसतात. त्याला अजून माहीत नसतं की फट बंद होते. तो बंद दारातून जातो, कारण ते बंद आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात मी साउथ कॅरोलायनातून बसने इथे उतरलो तेव्हा हे शहर लागोपाठ तीन हंगाम हरून मान खाली घालून चालत होतं, आणि पोलादाच्या भट्ट्या एकेक करून विझत होत्या. नोव्हेंबरात न्हाव्याच्या दुकानात मला बसायला खुर्ची मोकळी होऊ लागली. लोक सोमवारी कामावर वेळेवर जाऊ लागले, रविवारची गोष्ट सांगायला. एका मुलीचं नाव कोणी थेरोना ठेवलं. ती आज पन्नाशीची आहे आणि मला अजून माफ करत नाही. पुढच्या वर्षी तिसऱ्या सामन्यात माझा गुडघा आतल्या बाजूने फाटला, आणि मी बत्तीस वर्षं शाळेच्या बसेस चालवल्या. त्याचं मला दुःख नाही. काही माणसांना आयुष्यभर एकही हंगाम मिळत नाही. मला एक मिळाला आणि तो मी एक्कावन्न वर्षं पुरवून खाल्ला, दरवर्षी थोडं पाणी घालून.

पाणी मी कुठे घातलं, हे शेवटी दोनच माणसांच्या लक्षात राहिलं. दुसरा स्टॅश.

स्टॅश वोयटोविच, आमचा फुलबॅक. त्याचं काम माझ्या पुढे धावायचं आणि वाटेत येईल त्याच्यावर आदळायचं. पाठ अशी रुंद की तिच्या आडोशाला मला नोव्हेंबरात वारा लागत नसे. सात वर्षं तो हॅमर्ससाठी खेळला, आणि सात वर्षांत त्याच्या नावापुढे नोंदवहीत चेंडू घेऊन धावल्याची एकही धाव नाही. शून्य. मी एकदा विचारलं होतं, "स्टॅश, तुला वाटत नाही रे, एकदा तरी आपण घेऊन पळावं?" तो सॉसेज खात होता. म्हणाला, "लेका, नांगर कधी पीक मागतो का?" मग जरा थांबून, तोंड पुसून म्हणाला, "पण वास येतो त्याला पिकाचा. एवढं खरं."

त्या वर्षीचा शेवटचा सामना. आठवडाभर पाऊस आणि बर्फ आलटून पालटून. मैदान म्हणजे ढवळलेली खीर. माझ्या सदऱ्यावर तेहतीस, स्टॅशच्या सदऱ्यावर अडतीस, आणि अर्ध्या तासात सगळ्यांच्या छातीवर एकच आकडा, चिखल. तिसऱ्या सत्रात माझ्यासाठीच चाल ठरली. चेंडू सुटला, मी पहिलं पाऊल टाकलं, आणि जमीन नव्हती. आजही कधी जिन्यावर अंधारात एक पायरी कमी निघाली की मी त्या मैदानावर असतो. मी तोंडावर आपटलो. क्वार्टरबॅक वळला तर समोर मी नाही. बिचाऱ्याने जो माणूस दिसला त्याच्या पोटात चेंडू खुपसला. तो माणूस स्टॅश. मी चिखलातून एक डोळा वर करून पाहिलं. असं पळताना मी कोणालाच पाहिलं नव्हतं. त्याला चेंडू धरताच येत नव्हता. दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलेला, जणू पेटत्या घरातून कोणाचं तरी मूल बाहेर आणतो आहे. तीन माणसं त्याच्या अंगाला लटकली तरी तो चालतच होता. अकरा यार्ड. वर पत्रकारांच्या खोलीत ज्याने दुर्बिणीतून आकडा वाचला त्याला आठाच्या डाव्या बाजूवर चिखल दिसला नाही, त्याला तीन दिसला. भोंग्यातून आवाज आला, "गॅडसन, अकरा यार्ड!" आणि चाळीस हजार माणसं माझ्या नावाने उभी राहिली, आणि मी चिखलात पालथा पडून ते ऐकलं. गोड लागलं. खोटं कशाला बोलू.

न्हाणीत मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "स्टॅश, ते अकरा तुझे. मी सांगतो जाऊन." त्याच्या कानातून चिखल वाहत होता. म्हणाला, "राहू दे. मी कुठे ठेवू ते? घरी आयरीनने कपाट आधीच भरून टाकलंय." आणि मी ते राहू दिलं. मंगळवारी प्रशिक्षकाने सामन्याची फिल्म दाखवली, माझ्याजवळ थांबवली आणि म्हणाला, "गॅडसन, पुन्हा झोपायचं असेल तर उशी घेऊन ये." सगळे हसले. यार्ड कोणाच्या नावावर चढले याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं. सामना जिंकला होता. मग वर्षं गेली आणि न्हाव्याच्या दुकानात तीच धाव माझ्या तोंडून वाढू लागली. आधी तीन माणसं लटकली होती, मग पाच, मग सात आणि एक पंच. मग माझा बूट चिखलात अडकून राहिला आणि मी अनवाणी धावलो. मग त्या बुटातून झाड उगवलं आणि क्लबला गोलपोस्ट हलवावा लागला. स्टॅश बाजूच्या खुर्चीत साबणाच्या फेसात बसलेला असे. लोक त्याला विचारत, "काय हो, खरं का हे?" तो गंभीरपणे मान डोलवी. "शब्द न् शब्द. मी तिथेच होतो ना, अगदी जवळ." आणि आरशातून माझ्याकडे बघे. बाहेर पडल्यावर माझ्या गाडीपर्यंत तो सोबत येई, पावलं मोजत, आणि अकराव्या यार्डाला थांबून म्हणे, "बस. माझी हद्द संपली." पस्तीस वर्षं हा एकच विनोद. त्याच्या अंत्यविधीला शवपेटीच्या डाव्या बाजूला मी होतो. गाडीपासून चर्चच्या दारापर्यंत मी पावलं मोजली. किती भरली ते सांगत नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ते मीच करून ठेवलेलं आहे.

कोट अंगावरच होता. मी कालचा, रविवारचा, हंगामातला शेवटचा सामना पुन्हा डोळ्यांपुढे आणला. दोन मिनिटं उरलेली, आपण चार गुणांनी मागे, प्रूइटला विक्रमासाठी नऊ यार्ड हवे, आणि स्टेडियम त्याचं नाव घेत पाय आपटतंय. तेवढ्यात पासची, म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू लांब फेकायची, चाल ठरली. उजवीकडून समोरच्या संघाचा एक गडी मोकळा सुटला, सव्वाशे किलोचा, थेट क्वार्टरबॅकवर. नवखा इथेच चुकतो. त्याला पळायला येतं. दुसऱ्यासाठी उभं राहायला पाच वर्षं लागतात. मीसुद्धा तेव्हा बाजूला सरकून हात वर केले असते, मला द्या, मला द्या म्हणून. हा पोरगा एक पाऊल आत आला, गुडघे वाकवले आणि त्या माणसाच्या हनुवटीखाली असा घुसला की दोघांचे पाय जमिनीवरून सुटले. चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला, गुण झाले, सामना खिशात. प्रूइट हजार नव्व्याण्णववर थांबला. वर बसलेल्या माझ्या घशातून कसला तरी आवाज निघाला; शेजारच्याला वाटलं विक्रम वाचला म्हणून मी ओरडलो. मी ओरडलो होतो ते स्टॅशला पाहून. ती पाठ, ते वाकणं. बावीस वर्षांच्या काळ्या पोराच्या अंगात शिरलेला तो पोलिश रेडा. छाती अशी भरून आली होती की कोटाचं बटण तुटलं, आणि हे बटण माझ्याकडे आहे, कोणालाही दाखवीन.

अकराशे सातातून अकरा वजा केले तर हजार शहाण्णव उरतात. हा हिशेब मी रविवारी संध्याकाळीच केला होता आणि मग टीव्ही लावला होता. सोमवारी पाव पडला. पाच ठिकाणी धरलेली वस्तू अशी पडत नाही. एखादं ठिकाण आधीपासूनच मोकळं असलं पाहिजे. मला वाटतं पाचवं.

क्लबच्या कचेरीत नोंदींचं काम बर्निस ओकली बघते. तिचा बाप माझ्या बसमागे बस चालवायचा. मी म्हणालो, "बर्निस, माझ्या विक्रमातले अकरा यार्ड माझे नाहीत. काढून टाक." तिने चष्मा कपाळावर चढवला. "काका, प्रूइट हिरमुसला असेल म्हणून तुम्ही हे करताय, होय ना? फार गोड आहात. पण गेल्या वर्षी तुम्ही इथेच बसून मला सांगितलंत की राष्ट्राध्यक्षांनी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही आंघोळीत होतात म्हणून घेतला नाहीत."

"ते वेगळं."

"त्याच्या आधी बुटातलं झाड."

"बर्निस, मी पडलो होतो."

खोलीत दोघंतिघं होती, सगळी हसली. आयुष्यात पहिल्यांदा मी एक साधं, कोरडं, पाणी न घातलेलं वाक्य बोललो होतो आणि ते कोणाच्याच पोटात जात नव्हतं. हसता हसता कोणीतरी म्हणालं, "मग शेजारी कोण झोपलं होतं काका, अस्वल?" एरवी मी अस्वल घेतलं असतं, त्याला नाव दिलं असतं. जीभ वळवळलीसुद्धा. मी दातांखाली धरली. म्हणालो, "मी तोंडावर पडलो. तोंडावर पडणाऱ्याची पाठ स्वच्छ राहते. फिल्म काढ. पाठीवरचा आकडा वाच. तेहतीस जमिनीवर आहे आणि चेंडू पुढे चाललाय."

हसणं थांबलं नाही, पण बर्निसचं थांबलं. तिने चष्मा खाली घेतला. तळघरातली जुनी रिळं गेल्याच वर्षी संगणकावर चढवली होती. ती सापडेपर्यंत तास गेला. मी खुर्चीत बसून राहिलो आणि कोणालाही एकही गोष्ट सांगितली नाही. मग पडदा उजळला. राखाडी पाऊस, राखाडी माणसं, आवाज नाही. चेंडू सुटला. आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात बावीस वर्षांचा एक पोरगा लाकडासारखा आडवा झाला, पाठीवर दोन स्वच्छ पांढरे आकडे. तेहतीस. त्या पोराची मला इतकी माया आली की मी दुसरीकडे पाहिलं, आणि दुसरीकडे स्टॅश होता. दोन्ही हात पोटाशी. एक माणूस लटकलेला, दोन, तीन. मी सात म्हणायचो. खरे तीनच होते, आणि ते तीन माझ्या सातांपेक्षा कितीतरी मोठे होते. बर्निसने ते चार वेळा पाहिलं. चौथ्यांदा हळूच म्हणाली, "हा कोण?"

"तो," मी म्हणालो, "नांगर."

दोन आठवड्यांनी भिंतीवरची पट्टी बदलली. प्रूइट हजार नव्व्याण्णव, गॅडसन त्याच्या खाली, तीन यार्डांनी. पोरगा माझ्या घरी आला, दारातच उभा राहून म्हणाला, "काका, असं नकोय मला. तीन यार्ड, तेही कागदावरून?" मी म्हणालो, "कागदावरून कसले? त्या माणसाच्या हनुवटीखाली शिरलास तिथेच तुला मिळालं ते. कागद उशिरा पोचला इतकंच. आणि फार मिरवू नकोस, पुढच्या वर्षी कुठूनतरी बसने एखादा नवखा उतरेल आणि तुझं घेऊन जाईल. तोवर कोपर आत." न्हाव्याच्या दुकानात मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. लोक हसून लोळले. म्हणाले, थेरॉनची ही आजवरची सर्वांत मोठी थाप.

आयरीनकडे मी शुक्रवारी गेलो. ती चर्चच्या तळघरात पिएरोगी करत होती, कोपरापर्यंत पीठ. पासष्ट वर्षं या बाईने पिठाच्या गोळ्यात बटाटा भरून कडा दुमडल्या आहेत आणि एकही उकलली नाही. चेंडू द्यायला हवा होता तो हिच्या हातात. कागद मी काखेत आणला होता, पाचही ठिकाणी धरून. तिचे हात पिठाचे म्हणून मीच तो तिच्यासमोर धरला. क्लबच्या नोंदवहीचं पान, सुधारलेलं. वोयटोविच, स्टॅनिस्लॉ. सात हंगाम. धावा: एक. यार्ड: अकरा. ती वाचत राहिली. ओठ हलत होते. माझ्या गुडघ्यात कळ आली तरी मी कागद हलवला नाही. एक्कावन्न वर्षं मला जी गोष्ट माझ्याकडून जाईल अशी भीती होती ती गेली होती, आणि मी शोधत होतो तर कुठे रिकामं लागत नव्हतं.

"सांगितलं होतं त्याने मला," ती म्हणाली. "त्याच रात्री. म्हणाला, कोणाला बोलू नकोस, पोराचं नाव होऊ दे." मग तिने पिठाचं बोट कागदाच्या शेवटच्या रकान्यावर ठेवलं, तिथे पांढरा ठिपका उमटला. "आणि हे काय आहे?"

"सरासरी. एका धावेमागे किती यार्ड ते."

"अकरा." ती जराशी ताठ झाली. "क्लबच्या इतिहासात याहून जास्त कोणाची?"

मी आठवून पाहिलं. खरंच पाहिलं. "कोणाचीच नाही."

"तुझी किती रे?"

"चार पूर्णांक तीन."

आयरीनने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, जसा स्टॅश आरशातून पाहायचा अगदी तसं, आणि पुढचा गोळा हातात घेत म्हणाली, "मग वर्षभर चेंडू तुलाच का देत होते मेले?"